सॉफ्टवेअरमधील जुन्या अटी व त्यांची निगराणी

इमारत बांधून झाली म्हणजे तिच्या डागडुजीचा खर्च दरवर्षी अंदाजपत्रकात धरावा लागतो, पाझर तलाव झाला की त्यातील गाळ वेळोवेळी काढावा लागतो, हे ग्रामपंचायतीच्या कोणत्याही सदस्याला समजावून सांगावे लागत नाही. संगणकाच्या सॉफ्टवेअरबाबत मात्र अजूनही अशी समजूत आढळते की, ते एकदा बसविले आणि चालू झाले म्हणजे काम संपले. सॉफ्टवेअरला गंज चढत नाही, त्याचे भाग झिजत नाहीत, मग त्याची निगा कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो. वरवर पाहता हा प्रश्न रास्त वाटतो. परंतु सॉफ्टवेअर स्वतः झिजत नसले तरी ज्या इतर सॉफ्टवेअरच्या आधारावर ते उभे असते, ते सतत बदलत असते. या बदलाची दखल घेतली नाही तर सुस्थितीत असलेली यंत्रणा एक दिवस अकस्मात बंद पडते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, बंद न पडता असुरक्षित अवस्थेत चालू राहते.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या मॉड्यूलांमध्ये लिहिलेल्या आवृत्तीच्या अटी हा या प्रश्नाचा गाभा होय. शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये आणि शासकीय कार्यालये यांच्या दैनंदिन कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आता सर्रास वापरले जाते. ते विकत घ्यावे लागत नाही, म्हणून त्यावर काहीच खर्च नाही, असा समज त्यासोबत रूढ झाला आहे. तो कितपत खरा आहे हे पाहण्यासाठी या अटींचे स्वरूप समजावून घेणे उपयुक्त ठरेल.

लायब्ररी म्हणजे काय?

संगणकशास्त्रात 'लायब्ररी' हा शब्द ग्रंथालयाच्या अर्थाने वापरला जात नाही. वारंवार लागणाऱ्या कामांसाठी एकदाच लिहून ठेवलेल्या आज्ञांचा संच, असा त्याचा अर्थ आहे. ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात १९४९ मध्ये एडसॅक हा संगणक कार्यान्वित झाला. त्यावर गणिते करताना वर्गमूळ काढणे किंवा उत्तर छापणे यांसारख्या क्रिया प्रत्येक वेळी नव्याने लिहाव्या लागू नयेत, म्हणून अशा क्रियांच्या आज्ञा छिद्रांकित कागदी फितींवर तयार करून ठेवण्यात आल्या. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ले गिल यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या पद्धतीची माहिती दिली आहे.

आज या फितींची जागा इंटरनेटवरील प्रचंड भांडारांनी घेतली आहे. पर्ल या संगणकभाषेचे सीपॅन हे भांडार १९९५ पासून, पायथॉनचे पायपीआय हे भांडार २००३ पासून, तर जावास्क्रिप्टचे एनपीएम हे भांडार २०१० पासून उपलब्ध आहे. त्यांतील बहुसंख्य मॉड्यूले मुक्त स्रोत आहेत. म्हणजे त्यांचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, आवश्यक तो बदल करता येतो आणि परवान्याच्या शर्ती पाळून ते इतरांना देता येते. त्यामुळे नवे सॉफ्टवेअर लिहिणारा बहुतांश काम तयार मॉड्यूलांवर सोपवितो. ती मॉड्यूले आणखी इतरांवर अवलंबून असतात आणि अशी ही साखळी पुष्कळदा पाच-सहा कड्यांपर्यंत जाते. साखळीतील अगदी लहान कडीही किती महत्त्वाची असू शकते, हे मार्च २०१६ मध्ये दिसून आले. 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या ११ ओळींचे मॉड्यूल त्याच्या लेखकाने एनपीएममधून काढून घेतले आणि त्यावर थेट किंवा आडवाटेने अवलंबून असलेल्या हजारो सॉफ्टवेअर प्रकल्पांची बांधणी जगभर अडून बसली.

अट कशी लिहिली जाते?

प्रत्येक मॉड्यूलसोबत एक छोटी सूची असते. आपल्याला कोणत्या लायब्ऱ्या लागतात आणि त्यांची कोणती आवृत्ती चालते, हे तीत नमूद केलेले असते. आवृत्तीचा क्रमांक सामान्यतः तीन अंकांचा असतो, उदाहरणार्थ २.४.१. सिमेंटिक व्हर्जनिंग या नावाने रूढ झालेल्या संकेतानुसार शेवटचा अंक वाढला तर केवळ दोषदुरुस्ती झाली असे समजावे. मधला वाढला तर जुने काही न मोडता नव्या सोयी आल्या असे समजावे. आणि पहिला अंक वाढला तर जुन्या पद्धतीने लिहिलेले काही चालणार नाही, असे गृहीत धरावे. हा संकेत सर्वच लेखक काटेकोरपणे पाळतात असे नाही. तथापि दिशा कळण्यास तो पुरेसा आहे.

अटीचे तीन मुख्य प्रकार पडतात. 'किमान २.४ हवी' ही खालची मर्यादा झाली. '३.० च्या आतील हवी' ही वरची मर्यादा झाली. 'नेमकी २.४.१ च हवी' ही जखडबंद अट झाली. ही सूची वाचून संगणक स्वतःच योग्य त्या लायब्ऱ्या आणतो आणि बसवितो. माणसाने ती सहसा वाचलेलीही नसते. म्हणूनच तीतील चूक पुष्कळ काळ लपून राहते.

अट जुनी कशी होते?

अट लिहिली त्या दिवशी ती बरोबरच असते. मॉड्यूलच्या लेखकाने त्या वेळी उपलब्ध असलेल्या लायब्ररीवर आपले काम तपासून पाहिलेले असते. पुढे लायब्ररी बदलते, मॉड्यूल बदलते, पण अटीची ओळ तशीच राहते. शिक्षकांना यासारखा अनुभव नेहमी येतो. पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती निघते, परंतु हाताशी असलेल्या मार्गदर्शिकेत 'पृष्ठ ४२ पाहा' असे जुन्या आवृत्तीला धरून छापलेले असते. मार्गदर्शिका मुळात चुकीची नव्हती. तिचा आधार सरकला.

अधिकाऱ्यांना अधिक परिचित असे उदाहरण कायद्याचे आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता अंमलात आली आणि फसवणुकीसंबंधीचे सुपरिचित कलम ४२० आता नव्या संहितेच्या कलम ३१८ च्या पोटकलम ४ मध्ये गेले. जुन्या छापील नमुन्यांत मात्र ४२० हाच आकडा राहिला. कायद्याने अशा प्रसंगाची तरतूद केलेली आहे. एखादा अधिनियम निरसित होऊन त्याच्या जागी नवा आला, तर इतर कायद्यांतील व लेखांतील जुने उल्लेख नव्या तरतुदींना उद्देशून आहेत असे समजावे, असे सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ८ मध्ये म्हटले आहे. संगणकापाशी असा समजूतदारपणा नसतो. तो लिहिलेले अक्षरशः पाळतो.

जुनी झालेली अट तीन प्रकारे त्रास देते. पहिला प्रकार खालची मर्यादा फार खाली राहण्याचा. समजा, पावती छापणाऱ्या एखाद्या मॉड्यूलने एका अक्षरसंचाची किमान आवृत्ती २००९ साली लिहून ठेवली आहे. भारत सरकारने रुपयाचे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि ऑक्टोबर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड ६.० मध्ये त्याला स्थान मिळाले. पुढे मॉड्यूलमध्ये ते चिन्ह वापरण्यात आले, पण किमान मर्यादा वर नेली गेली नाही. आता जुना अक्षरसंच असलेल्या संगणकावर मॉड्यूल विनातक्रार बसते, अट पूर्ण झाल्याचे दाखविते आणि प्रत्यक्ष पावतीवर रुपयाच्या जागी रिकामा चौकोन उमटवते.

दुसरा प्रकार वरची मर्यादा किंवा जखडबंद अट न उठविण्याचा. नवी लायब्ररी प्रत्यक्षात चालण्याजोगी असूनही मॉड्यूल तिला नकार देते, आणि संपूर्ण यंत्रणा जुन्या लायब्ररीवर अडकून पडते. तिसरा प्रकार दोन अटींच्या भांडणाचा. एक मॉड्यूल म्हणते, लायब्ररीची १ ल्या मालिकेतीलच आवृत्ती हवी. दुसरे म्हणते, २ री मालिका किंवा तिच्यापुढचीच हवी. अनेक संगणकभाषांमध्ये एकाच वेळी एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या वापरता येत नाहीत. त्यामुळे दोन्ही मॉड्यूले स्वतंत्रपणे निर्दोष असूनही ती एकत्र नांदू शकत नाहीत.

पायथॉनपासून घेण्याजोगा धडा

अशा अटींचा सर्वात मोठा आणि दीर्घकाळ चाललेला पेच पायथॉन या भाषेत निर्माण झाला. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या भाषेची तिसरी मालिका डिसेंबर २००८ मध्ये आली. ती जुन्या मालिकेशी पूर्णपणे जुळणारी नसेल, हे आधीच ठरविलेले होते. बदलाचे एक महत्त्वाचे कारण मराठीसारख्या भाषांच्या दृष्टीने समजून घेण्यासारखे आहे. दुसऱ्या मालिकेत साधा मजकूर म्हणजे बाइटांची रांग मानली जाई. 'मराठी' हा शब्द यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीने साठविला आणि त्याची लांबी विचारली, तर उत्तर १५ येई. तिसऱ्या मालिकेत मजकूर म्हणजे युनिकोड चिन्हांची रांग असल्यामुळे तेच उत्तर ५ येते : तीन व्यंजनचिन्हे आणि दोन स्वरचिन्हे. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांना दोन्ही मालिकांत फारसा फरक जाणवत नव्हता. देवनागरीत नावे, गावे आणि पत्ते साठविणाऱ्यांसाठी तो फार मोठा होता.

असे असूनही स्थलांतर रखडले. मॉड्यूलचा लेखक म्हणे, मी ज्या लायब्ररीवर अवलंबून आहे ती अजून तिसऱ्या मालिकेवर आलेली नाही. लायब्ररीचा लेखक म्हणे, माझे वापरकर्ते अजून दुसऱ्या मालिकेवर आहेत. प्रत्येकाची अट दुसऱ्याच्या अटीकडे बोट दाखवी. दुसऱ्या मालिकेचा पाठिंबा २०१५ मध्ये थांबवावयाचा होता. तो १ जानेवारी २०२० पर्यंत वाढवावा लागला. एका भाषेच्या वापरकर्त्यांना एका मालिकेतून दुसरीत जाण्यास अकरा वर्षे लागली. यामागे तांत्रिक अडचणींइतकाच, कोणीतरी आधी पाऊल उचलण्याची वाट पाहण्याचा भाग होता.

त्यानंतरही असे प्रसंग आले आहेत. मॉड्यूल बसविण्यासाठी वर्षानुवर्षे वापरला जाणारा 'डिस्टयुटिल्स' हा भाग ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथॉन ३.१२ मधून काढून टाकण्यात आला. तो काढला जाईल, याची सूचना ३.१० पासून दिली जात होती. आकडेमोडीच्या कामात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या नमपाय या लायब्ररीची २.० ही आवृत्ती जून २०२४ मध्ये आली. २००६ नंतरचा तिचा हा पहिलाच मोठा बदल. जुन्या नमपायसोबत बांधलेली पुष्कळ मॉड्यूले त्यामुळे नव्या आवृत्तीवर चालेनात आणि अनेकांना '२ च्या आतील' अशी तात्पुरती वरची मर्यादा घालावी लागली. अशी मर्यादा घालणे योग्यच होते. मात्र पुढे दुरुस्ती झाल्यावर ती कोणीतरी आठवणीने उठवावी लागते. तात्पुरती म्हणून बसविलेली गोष्ट कायमची होऊन बसते, हा अनुभव सार्वजनिक कामांतही नवा नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न

यंत्रणा अडकून पडणे ही गैरसोय झाली. जुन्या लायब्ररीत सुरक्षेचा दोष सापडला म्हणजे तिचे रूपांतर धोक्यात होते. अमेरिकेतील इक्विफॅक्स ही कंपनी कोट्यवधी नागरिकांच्या कर्जव्यवहाराची माहिती बाळगते. तिच्या एका संकेतस्थळासाठी अपाचे स्ट्रट्स हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरलेले होते. त्यातील गंभीर दोष दूर करणारी आवृत्ती ७ मार्च २०१७ रोजी उपलब्ध झाली. कंपनीत दुरुस्तीची सूचनाही फिरली. परंतु दोषपूर्ण आवृत्ती नेमकी कोठे वापरात आहे, हे तपासणीत सापडले नाही. मेच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत घुसखोरांनी माहिती चोरली. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खाजगी माहिती त्यात गेली. दुरुस्ती विनामूल्य उपलब्ध होती, सूचना निघालेली होती; नव्हती ती आपल्याकडे काय काय आहे याची खात्रीलायक नोंद.

डिसेंबर २०२१ मधील लॉग४जे प्रकरणाने अटींचा प्रश्न आणखी स्पष्ट केला. जावा भाषेतील ही लायब्ररी सॉफ्टवेअरच्या कामाची रोजनिशी लिहिते. विशिष्ट प्रकारचा मजकूर तिच्याकडे नोंदीसाठी आला, तर ती बाहेरून आज्ञा आणून चालवीत असे. या दोषाला तीव्रतेच्या मापनात १० पैकी १० गुण देण्यात आले. दुरुस्त आवृत्ती लवकरच निघाली. तरीही ती सर्वत्र पोहोचण्यास फार वेळ लागला. त्याच महिन्यात गूगलच्या अभ्यासकांनी केलेल्या पाहणीत जावाच्या मध्यवर्ती भांडारातील ३५ हजारांहून अधिक पॅकेजे बाधित आढळली. त्यांपैकी बहुसंख्य पॅकेजांनी लॉग४जेचे नावही आपल्या सूचीत लिहिलेले नव्हते. ती ज्या लायब्ररीवर अवलंबून होती, तिने किंवा तिच्याही खालच्या लायब्ररीने ते लिहिले होते.

जावामध्ये अटीत विशिष्ट आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवण्याची प्रथा आहे. त्यामुळे साखळीच्या तळाशी दुरुस्ती झाली तरी ती आपोआप वर चढत नाही. तळावरच्या कडीने आपली ओळ बदलावी, मग तिच्या वरच्या कडीने बदलावी, असे प्रत्येकाने क्रमाने करावे लागते. मध्ये एखाद्या मॉड्यूलचा लेखक निवृत्त झालेला असेल किंवा त्याला सवड नसेल, तर दुरुस्ती तेथेच थांबते. गावाच्या टाकीत शुद्ध पाणी आले तरी मधली झडप कोणी उघडली नाही, तर शेवटच्या घरी जुन्याच पाण्यावर भागवावे लागते, तशी ही स्थिती होय.

नवे ते सारे निर्दोष नव्हे

यावरून प्रत्येक लायब्ररीची नवीनतम आवृत्ती तात्काळ घ्यावी, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेला हार्टब्लीड हा ओपनएसएसएलमधील दोष मार्च २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ या आवृत्तीत शिरलेला होता. त्याआधीच्या १.० मालिकेला तो लागू नव्हता. मार्च २०२४ मधील एक्सझेड युटिल्सचे प्रकरण तर याहून बोलके आहे. माहिती आकुंचित करणाऱ्या या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या त्या वेळच्या अगदी ताज्या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी जाणूनबुजून चोरदरवाजा बसविला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर प्रवेश होण्यास सुमारे अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ लागतो, हे खटकले आणि शोध घेताना हा प्रकार बाहेर आला. डेबियनसारख्या प्रणालीच्या स्थिर शाखेत जुनी आवृत्ती असल्यामुळे ती शाखा सुरक्षित राहिली.

डेबियनच्या पद्धतीतील आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. तिची स्थिर शाखा साधारण दोन वर्षांनी निघते. मधल्या काळात सुरक्षा-दोष सापडल्यास केवळ तेवढी दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून बसविली जाते. म्हणजे क्रमांक जुना दिसतो, परंतु दोष दूर झालेला असतो. त्यामुळे केवळ आकडा पाहून एखादी यंत्रणा सदोष ठरविणे किंवा निर्दोष मानणे, या दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरू शकतात. ही आवृत्ती आज कोण सांभाळीत आहे, हा खरा विचारण्याचा प्रश्न आहे.

आपल्या संस्थांशी संबंध

भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय यंत्रणांत मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. त्याआधीपासूनच शिक्षण आणि ग्रंथालय क्षेत्रांत त्याचा प्रसार झालेला होता. ग्रंथालयांसाठीचे कोहा हे सॉफ्टवेअर मूळचे न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील सार्वजनिक ग्रंथालयांसाठी तयार झाले आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आले. त्या ग्रंथालयांची जुनी संगणक यंत्रणा २००० सालच्या तारखा हाताळू शकत नव्हती, हे त्याच्या निर्मितीचे एक कारण होते. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतही आज ते चालते. कोहा पर्ल भाषेत लिहिलेले असून सीपॅनमधील मोठ्या संख्येच्या मॉड्यूलांवर अवलंबून आहे. पर्लमध्येही बदल होत असतात. मे २०१७ मधील ५.२६ या आवृत्तीने चालू फोल्डरमधील मॉड्यूले आपोआप उचलण्याची जुनी सवय सुरक्षेसाठी बंद केली आणि त्या सवयीवर विसंबून राहिलेल्या अनेक जुन्या मॉड्यूलांची बसवणूक फसू लागली.

अध्यापनासाठी वापरले जाणारे मूडल हे शिक्षकांच्या परिचयाचे आहे. ते पीएचपी भाषेत लिहिलेले आहे. मूडल ४.१ ला पीएचपीची किमान ७.४ ही आवृत्ती चालते, ४.२ ला किमान ८.० आणि ४.४ ला किमान ८.१ लागते. पीएचपी ७.४ चा पाठिंबा नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. एखाद्या महाविद्यालयाचा सर्व्हर ७.४ वर थांबला असेल, तर त्याला मूडल ४.१ च्या पुढे जाता येत नाही आणि त्या आवृत्तीची दीर्घ मुदतीची सुरक्षा-मदतही २०२५ अखेरपर्यंतच ठरविलेली होती. आता यात पूरक मॉड्यूलांची भर घालावी. हजेरी, प्रमाणपत्रे, प्रश्नसंच यांसाठीची अशी मॉड्यूले पुष्कळदा एखाद्या हौशी शिक्षकाने लिहिलेली असतात. प्रत्येकासोबत आपल्याला मूडलची कोणती आवृत्ती लागते, हे सांगणारी छोटी फाईल असते. मूळ लेखकाने ते मॉड्यूल सोडून दिले असेल, तर नव्या मूडलसोबत ते चालेल की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. मग एका मॉड्यूलसाठी संपूर्ण मूडल जुने ठेवले जाते, मूडलसाठी पीएचपी जुने ठेवले जाते आणि विद्यार्थ्यांची नावे, गुण व संपर्काचे तपशील अशा पायावर साठविले जातात.

करावयाची कामे

यावर उपाय अवघड नाहीत. नियमितपणा मात्र हवा. पहिले काम घटकसूचीचे. कार्यालयातील प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये कोणती मॉड्यूले व लायब्ऱ्या आहेत, त्यांच्या आवृत्त्या कोणत्या आणि त्यांचा पाठिंबा कोणत्या तारखेपर्यंत आहे, याची यादी असावी. सर्ट-इन या राष्ट्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा घटकसूचीविषयी तांत्रिक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. सॉफ्टवेअर बाहेरून करून घेतले असल्यास ही सूची पुरवठादाराने द्यावी आणि प्रत्येक बदलानंतर नव्याने द्यावी, अशी शर्त निविदेतच असावी. पायथॉनसाठी पिप-ऑडिट, जावास्क्रिप्टसाठी एनपीएम ऑडिट अशी सूचीची तपासणी करणारी विनामूल्य साधनेही उपलब्ध आहेत.

दुसरे काम वेळापत्रकाचे. ठरावीक मुदतीने अटी तपासाव्यात आणि लहान बदल वेळच्या वेळी करावेत. पाच वर्षांचे बदल एका दिवशी करण्यापेक्षा दर तिमाहीस थोडे करणे कमी खर्चाचे व कमी जोखमीचे असते. गंभीर सुरक्षा-दुरुस्तीसाठी मात्र तिमाहीची वाट पाहू नये.

तिसरे काम चाचणीचे. अटीतील आकडा बदलणे हे एका मिनिटाचे काम आहे. तो बदल खरा आहे हे पाहणे हे खरे काम. चाचणी न करता वरची मर्यादा वाढविणे म्हणजे जागेवर न जाता मोजमाप पुस्तिकेत नोंद करण्यासारखे आहे. त्यासाठी चालू यंत्रणेची वेगळी प्रत असावी, तीवर नवी लायब्ररी बसवून रोजची पाच-दहा कामे करून पाहावीत : पुस्तक देणे-घेणे, पावती छापणे, निकाल काढणे, देवनागरी नावांचा शोध घेणे. मूळ माहितीची राखीव प्रत काढून ती परत वाचता येते, याची खात्री करूनच बदल प्रत्यक्ष यंत्रणेत न्यावा.

चौथे काम परतफेडीचे. कार्यालयातील तंत्रज्ञाने एखादी जुनी अट तपासून दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती मूळ मॉड्यूलच्या सांभाळकर्त्याकडे पाठवावी. मुक्त स्रोत परवान्याने हा मार्ग खुला ठेवला आहे. तसे न केल्यास पुढच्या आवृत्तीच्या वेळी तीच दुरुस्ती पुन्हा करावी लागते. या कामात पैशांचाही प्रश्न आहे. हार्टब्लीडच्या वेळी जगातील फार मोठ्या संख्येची संकेतस्थळे ज्यावर विसंबून होती, त्या ओपनएसएसएल प्रकल्पाला देणग्यांतून वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर मिळत होते आणि तो सांभाळणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. लिनक्स फाउंडेशनने अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला तो त्या दोषानंतर, एप्रिल २०१४ मध्ये.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमुळे परवान्याचा खर्च वाचतो, हे निर्विवाद आहे. वाचलेल्या रकमेचा काही भाग निगराणीसाठी, म्हणजे तंत्रज्ञाच्या वेळासाठी, चाचणीच्या सर्व्हरसाठी आणि ज्या मॉड्यूलांवर आपले काम चालते त्यांच्या सांभाळकर्त्यांसाठी, अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखविला गेला पाहिजे. तसे न केल्यास हा खर्च टळत नाही. तो केवळ पुढे ढकलला जातो आणि यंत्रणा बंद पडेल त्या दिवशी, बहुधा प्रवेशाच्या किंवा करवसुलीच्या ऐन हंगामात, एकदम अंगावर येतो.

वर्षअखेरीस प्रत्येक कार्यालयात व शाळेत डेडस्टॉक रजिस्टर उघडून खुर्च्या, कपाटे आणि संगणक मोजले जातात. त्या संगणकांत काय चालते, कोणत्या आवृत्तीवर चालते आणि ती कोण सांभाळते, याचे एक पान त्याच रजिस्टरला जोडले आणि दरवर्षी त्याच दिवशी तपासले, तर या कामाची सुरुवात होईल. त्यासाठी कोणत्याही नव्या आदेशाची किंवा अनुदानाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.